जाळें वाहून नेतें, ग्वाही देत नाहीं

[एंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांकरितां नभोवाणीवरून दिलेलें व्याख्यान]



संदेश दूरवर धाडण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली ही नभोवाणीची. येथें उच्चारलेला शब्द एकाच वेळीं सर्व दिशांना जातो आणि ज्याच्यापाशीं यंत्र असेल त्याला तो ऐकूं येतो. दुसरी तऱ्हा जुन्या टेलिफोनची. तींत बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत एक अखंड वाट जोडली जाते, व संभाषण संपेपर्यंत ती त्या दोघांकरितांच राखून ठेवली जाते. मध्यें ते दोघे स्वस्थ बसले तरी ती दुसऱ्या कोणास मिळत नाहीं. तिसरी तऱ्हा संगणकांच्या जाळ्याची. ती या दोहोंहून निराळी आहे, आणि तिचाच विचार आज करावयाचा आहे.

एंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांना या जाळ्याच्या थरांचीं नांवें तोंडपाठ असतात. कोणता प्रोटोकॉल कोणत्या थरांत बसतो हेंही ते बिनचूक सांगतात. परंतु यांतील प्रत्येक थर कोणतें वचन देतो आणि कोणतें देत नाहीं, असा प्रश्न केला कीं पुष्कळजण घुटमळतात. माझ्या मतें हा प्रश्न म्हणजेच या विषयाची किल्ली होय. जाळें कसें चालतें हा एक अभ्यास, आणि जाळें सुरक्षित कसें ठेवावें हा दुसरा, अशी फारकत करतां येत नाहीं. पहिल्यानें जें वचन मुळांत दिलेलेंच नाहीं, तें भरून काढण्याचा खटाटोप म्हणजे दुसरा.

प्रथम जाळ्याची रचना पाहूं. १९६० ते १९७० या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन यांनीं, आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणें इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं, एकच कल्पना मांडली. संदेश अखंड न धाडतां त्याचे लहान लहान तुकडे करावे. प्रत्येक तुकड्यावर जावयाच्या ठिकाणाचा पत्ता लिहावा. आणि वाटेंतील प्रत्येक नाक्यावर त्याला पुढची वाट दाखवावी. या तुकड्याला डेव्हिस यांनीं 'पॅकेट', म्हणजे पुडकें, असें साधें नांव दिलें. नाक्यावर बसून वाट दाखविणाऱ्या यंत्राला आज आपण राउटर म्हणतों.

या रीतीचा मोठा लाभ असा कीं, वाट कोणा एकाकरितां अडकून पडत नाहीं. एकाच रस्त्यानें अनेक गांवच्या गाड्या जाव्या, तशीं एकाच तारेवरून हजारों लोकांचीं पॅकेटें एकामागून एक जातात. शिवाय एक वाट तुटली तर दुसरी धरतां येते. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीक समुद्रतळाच्या दोन केबली तुटल्या. भारताचें पश्चिमेकडील दळणवळण त्यांवर फार अवलंबून असल्यामुळें आपल्याकडील कामें अतिशय मंदावलीं. तथापि तीं सर्वस्वीं थांबलीं नाहींत. कारण बरींच पॅकेटें पूर्वेच्या वाटेनें, पॅसिफिक महासागर ओलांडून, जाऊं लागलीं.

आतां एक उदाहरण घेऊं. दहा हजार चिन्हांचा एक मराठी लेख आपण मुंबईहून युरोपांत धाडीत आहों असें समजा. आजच्या प्रचलित संकेताप्रमाणें देवनागरीचें एकेक चिन्ह तीन बाइट जागा घेतें. म्हणजे लेख सुमारें ३०,००० बाइटांचा झाला. सामान्यतः एका पॅकेटांत १,५०० बाइट मावतात. त्यांपैकीं निदान ४० बाइट पत्ता, क्रमांक इत्यादि मजकुरांत जातात आणि १,४६० उरतात. भागाकार केला असतां २१ पॅकेटें होतात. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. केबलची लांबी १०,००० किलोमीटर धरली, तर एका पॅकेटाला पोंचण्यास सेकंदाचा विसावा भाग तरी लागेलच. त्याहून जो अधिक वेळ लागतो तो नाक्यानाक्यावर रांगेंत थांबल्यामुळें लागतो.

हीं २१ पॅकेटें क्रमानें पोंचतील काय? तसें वचन नाहीं. सर्व पोंचतील काय? तेंही वचन नाहीं. पत्ता वाचून पॅकेट पुढें ढकलणारा जो आयपी नांवाचा प्रोटोकॉल आहे, तो इतकेंच म्हणतो कीं, 'मी प्रयत्न करीन.' राउटरपाशीं गर्दी झाली तर तो पॅकेट टाकून देतो, आणि पुष्कळदां त्याची वर्दीही कोणास देत नाहीं. हा आळस नव्हे. मधल्या यंत्रांचें काम जितकें साधें ठेवावें तितकें जाळें मोठें करणें सोपें जातें, असा हा विचारपूर्वक केलेला करार आहे.

मग लेख पुरा कसा मिळतो? ती जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांनीं पत्करलेली असते. टीसीपी नांवाचा प्रोटोकॉल पाठविलेल्या मजकुराला अनुक्रम देतो. पलीकडचें यंत्र 'अमुकपर्यंत मिळालें' अशी पोंच देतें. पोंच वेळेवर न आल्यास तेवढा भाग पुन्हां धाडला जातो. पोंचा उशिरानें येऊं लागल्या तर वाटेंत गर्दी आहे असें समजून धाडणारा आपला वेग कमी करतो. अशा रीतीनें खालचा थर बेभरंवशाचा असतांही वरचा थर भरंवशाचा करतां येतो. विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनीं १९७४ सालीं या योजनेचा पाया घातला, आणि १ जानेवारी १९८३ रोजीं त्या काळच्या अर्पानेट या जाळ्यानें तिचा स्वीकार केला.

आणखी दोन गोष्टी लक्षांत ठेवल्या म्हणजे हा आराखडा पुरा होतो. पत्ता हा आंकड्यांचा असतो. जुन्या पद्धतींत तो ३२ बिटांचा, म्हणजे सुमारें ४२९ कोटी निरनिराळे पत्ते देणारा. ते अपुरे पडूं लागल्यानें १२८ बिटांचा नवा पत्ता आला. माणसाला आंकडे लक्षांत राहत नाहींत, म्हणून नांवावरून पत्ता सांगणारी डीएनएस नांवाची एक विस्तीर्ण नोंदवही १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं योजिली. आणि एकाच संगणकावर अनेक कामें चालतात, म्हणून वाड्यांतील बिऱ्हाडांना खोल्यांचे क्रमांक असावे तसे 'पोर्ट' नांवाचे क्रमांक असतात: टपालाकरितां २५, कुलूपबंद वेबपृष्ठांकरितां ४४३, याप्रमाणें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या सर्व रचनेंत पॅकेट कोणी धाडलें याची ग्वाही कोण देतो? कोणीच नाहीं. पॅकेटावर धाडणाऱ्याचा पत्ता असतो खरा. पण तो धाडणाऱ्यानेंच लिहिलेला असतो. पोस्टकार्डाखालीं कोणाचेंही नांव लिहितां यावें, तसेंच हें. वाटेंतील माणसानें मजकूर वाचूं नये, बदलूं नये, याची हमी कोण देतो? तीही कोणी देत नाहीं. डीएनएसच्या मूळ रचनेंत आलेलें उत्तर खऱ्या नोंदवहीचेंच आहे, याला पुरावा मागण्याची सोय नव्हती.

असें कां झालें, हें इतिहासावरून कळतें. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं रात्रीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संगणकानें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाशीं पहिला संवाद केला. 'लॉगिन' हा शब्द धाडावयाचा होता. 'एल' गेला, 'ओ' गेला, आणि तेवढ्यांत पलीकडचें यंत्र बंद पडलें. सुमारें तासाभरानें काम तडीस गेलें. त्या वेळीं दोन्हीकडचीं माणसें टेलिफोनवरून एकमेकांशीं बोलत होतीं. पलीकडे कोण आहे हा प्रश्नच नव्हता. तो ओळखीचा होता. ओळखीच्या माणसांनीं ओळखीच्या माणसांकरितां बांधलेलें हें घर पुढें साऱ्या जगाची धर्मशाळा झालें, परंतु दाराची कडी मात्र जुनीच राहिली.

याचा परिणाम काय होतो हें तीन दाखल्यांवरून पाहूं. पहिल्यांत यंत्रानें यंत्रावर, दुसऱ्यांत नाक्यानें नाक्यावर आणि तिसऱ्यांत संस्थेनें आपल्याच आंतल्या व्यवस्थेवर टाकलेला विश्वास उघडा पडला.

२ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें आपली नक्कल आपणच करीत पसरणारा एक कार्यक्रम अमेरिकेंतील जाळ्यांत सोडला. टपाल पोंचविणाऱ्या कार्यक्रमांत राहिलेली एक चोरवाट, वाजवीपेक्षां लांब मजकूर आला असतां कोलमडणारा दुसरा एक कार्यक्रम, सोपे पासवर्ड, आणि 'शेजारच्या यंत्रावरून आलेल्यास पासवर्ड विचारूं नये' ही सवलत, इतक्या गोष्टी त्याला पुरल्या. यंत्रांत आपली नक्कल अगोदरच असली तरी सातांपैकीं एका वेळीं तो पुन्हां ठाण मांडीत असे. त्यामुळें यंत्रें आपल्याच भारानें थकलीं. तत्कालीन अंदाजाप्रमाणें सुमारें सहा हजार यंत्रें बाधित झालीं. मॉरिस यास तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली.

दुसरा दाखला २४ फेब्रुवारी २००८ चा. पाकिस्तानांतील दूरसंचार कंपनीला आपल्या देशापुरतें यूट्यूब बंद करावयाचें होतें. त्यासाठीं तिनें 'या २५६ पत्त्यांकडे जाणारी वाट माझ्याकडून आहे' अशी खोटी पाटी आपल्या राउटरांवर लावली. ती पाटी बाहेरच्या जाळ्यांतही पसरली. यूट्यूबची स्वतःची पाटी १,०२४ पत्त्यांच्या मोठ्या समूहाची होती. आणि राउटरांचा नियम असा कीं, लहान समूहाची पाटी अधिक नेमकी म्हणून तीच खरी मानावी. परिणामीं जगाच्या मोठ्या भागांतील पॅकेटें सुमारें दोन तास भलत्याच वाटेला लागलीं. येथें कोणीं कुलूप फोडलें नाहीं. एका नाक्यानें सांगितलें आणि दुसऱ्यानें ऐकलें, इतकेंच झालें.

तिसरा दाखला आपल्या पुण्याचा आहे. ऑगस्ट २०१८ मध्यें, ११ आणि १३ या दोन तारखांस, कॉसमॉस सहकारी बँकेंतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम चोरीस गेली. बनावट कार्डें वापरून २८ देशांतील एटीएम यंत्रांतून पैसे काढले गेले, आणि शेवटीं १३ कोटींहून अधिक रक्कम आंतरराष्ट्रीय बँकसंदेशाच्या मार्गानें हाँगकाँगला धाडली गेली. पुढें आलेली हकीकत अशी कीं, 'या कार्डावर पैसे द्यावे काय?' हा प्रश्न बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत पोंचलाच नाहीं. मध्यें एक तोतया यंत्रणा बसविण्यांत आली होती, आणि तीच प्रत्येक वेळीं 'द्यावे' असें उत्तर देत होती.

तोतया हा शब्द मराठी माणसास नवा नाहीं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, कित्येक मातबर मंडळींनीं त्याला खरा मानलें, आणि १७७६ सालीं त्याला देहांत शिक्षा होईपर्यंत पेशवाईला त्याचा उपद्रव सोसावा लागला. रूप, बोलणें, ऐट यांची नक्कल होते. म्हणून ओळख पटवावयाची तर अशा गोष्टीवरून पटवावी कीं, जी खऱ्यालाच करतां येईल आणि इतरांना केवळ तपासतां येईल. आधुनिक गुप्तलेखनविद्येनें नेमकें हेंच साधलें आहे.

तिची पहिली पायरी म्हणजे उघड्यावर बोलून गुपित ठरविणें. ही युक्ति व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली. पेन्सिल घेऊन आपणही ती करून पाहावी. एक मुंबईकर आणि एक नागपूरकर यांनीं २३ आणि ५ हे दोन आंकडे सर्वांदेखत ठरविले. मुंबईकरानें मनांत ७ धरले. ५ चा सातवा घात ७८,१२५, त्याला २३ नें भागून बाकी १७. ती त्यानें कळविली. नागपूरकरानें मनांत ३ धरले. ५ चा घन १२५, त्याची बाकी १०. ती त्यानें कळविली. आतां मुंबईकर १० चा सातवा घात, म्हणजे एक कोटी, २३ नें भागतो, बाकी १४. नागपूरकर १७ चा घन, म्हणजे ४,९१३, २३ नें भागतो. बाकी पुन्हां १४! चोरून ऐकणाऱ्याला २३, ५, १७ आणि १० हे चारही आंकडे कळले, पण १४ कोणीं उच्चारलाच नाहीं. आंकडे इतके लहान असतांना तो प्रयत्नानें शोधून काढील. म्हणून प्रत्यक्षांत २३ च्या जागीं सहाशेंहून अधिक अंकांची संख्या घेतात, किंवा याच तत्त्वावरील दुसरें गणित वापरतात.

परंतु येथेंही तोतया शिरूं शकतो. मध्येंच बसून त्यानें मुंबईकराशीं नागपूरकर म्हणून आणि नागपूरकराशीं मुंबईकर म्हणून व्यवहार केला तर? गुपित ठरेल, पण भलत्याशींच! म्हणून दुसरी पायरी सहीची. १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनीं अशी पद्धति दाखविली कीं, तींत प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात. एक खासगी, जिनें सही करतां येते. दुसरी जाहीर, जिनें सही कोणालाही तपासतां येते. जाहीर किल्ली अमक्याचीच, असा दाखला देणाऱ्या संस्था असतात, आणि त्यांच्या किल्ल्या आपल्या संगणकांत अगोदरच ठेवलेल्या असतात. टीएलएस नांवाचा प्रोटोकॉल या साऱ्या पायऱ्या क्षणार्धांत पार पाडतो.

वेबपृष्ठाच्या पत्त्याशेजारीं जें कुलूप दिसतें, त्याचा अर्थही आतां नीट समजून घ्यावा. तें इतकेंच सांगतें कीं, वाटेंत कोणी वाचीत नाहीं, कोणी बदलीत नाहीं, आणि पलीकडे त्या नांवाचाच धनी आहे. तो धनी सज्जन आहे असें तें मुळींच सांगत नाहीं. बँकेच्या नांवांत एक अक्षर बदलून घेतलेल्या ठकाच्या पत्त्यावरही तसेंच कुलूप झळकूं शकतें.

गुप्तलेखन हें टोकांचें रक्षण करतें. पण टोकच शत्रूच्या हातीं गेलें तर? त्यासाठीं रचनेंतच शहाणपण हवें. पुष्कळ संस्था बाहेर एक भक्कम फायरवॉल उभी करतात, आणि आंत मात्र सर्व दालनें एकमेकांस मोकळीं ठेवतात. सिंहगडावर पुणें दरवाजाच्या वाटेनें चढणाऱ्यानें पाहिलें असेल कीं, तेथें एकामागून एक तीन दरवाजे आहेत. पहिला ओलांडणारा गडावर पोंचला असें होत नाहीं. जाळ्याचीही आंखणी तशीच असावी. हिशेबाचीं यंत्रें वेगळ्या विभागांत, पाहुण्यांचें वायफाय वेगळ्या विभागांत. प्रत्येक माणसास आणि प्रत्येक कार्यक्रमास कामापुरताच अधिकार. प्रत्येक दारावर नोंदवही, आणि ती वाचणारा जागा माणूस. एका रात्रींत २८ देशांतून मागणी येऊं लागली, तर मंजुरी देणाऱ्या व्यवस्थेखेरीज दुसऱ्या कोणीतरी, स्वतंत्रपणें, 'थांबा' असें म्हणावयास हवें.

विद्यार्थी मित्रहो, पुस्तकाबरोबर हातानेंही हा अभ्यास करा. पॅकेट कोणकोणत्या नाक्यांवरून जातें हें ट्रेसराउटनें पाहा. वायरशार्क हा कार्यक्रम लावून आपल्याच संगणकाचें बोलणें न्याहाळा, आणि उघडा मजकूर व कुलूपबंद मजकूर यांतील भेद डोळ्यांनीं पाहा. मात्र हे प्रयोग आपल्या स्वतःच्या किंवा परवानगी मिळालेल्या जाळ्यावरच करावे. दुसऱ्याच्या यंत्रांत विनापरवाना शिरणें हें माहिती-तंत्रज्ञानाच्या २००० सालच्या कायद्याविरुद्ध आहे, आणि 'नुकसान करण्याचा माझा हेतु नव्हता' ही सबब मॉरिसच्याही कामीं आली नव्हती.

या विद्येशीं कोणाचें हित बांधलेलें आहे, याचाही विसर पडूं देऊं नये. आज बाजारांतील भाजीवाली फोनवरून पैसे घेते. गिऱ्हाईक आपल्या फोनचा पडदा तिच्यापुढें धरून म्हणतें, 'हे पाहा, मावशी, पैसे गेले.' तो पडदा गिऱ्हाइकाचा आहे. पॅकेटावर धाडणाऱ्यानें स्वतः लिहिलेल्या पत्त्याइतकीच त्याची किंमत. तिच्या स्वतःच्या बँकेकडून वर्दी आली म्हणजेच पैसे आले. तिला आयपी ठाऊक नाहीं, टीसीपी ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असण्याची गरजही नाहीं. परंतु ज्या व्यवस्थेवर ती दिवसाची कमाई सोंपविते, ती बांधणाऱ्यानें तिच्या वतीनें दोन प्रश्न विचारलेले असले पाहिजेत: हें कोण सांगत आहे, आणि त्याच्या सांगण्याला पुरावा कोणता? प्रत्येक थराशीं, प्रत्येक नाक्याशीं, आणि आपल्या भिंतींच्या आंतल्या यंत्राशींही थांबून हे दोन प्रश्न जो विचारील, त्याला मी या विषयाचा एंजिनिअर म्हणेन.